वॉरंटी संपली: आता सर्व्हिसिंग कंपनीत, बाहेरच्या गॅरेजात की घरीच?

सकाळचीफेरी

गेल्या महिन्यात माझ्या गाडीची वाढीव वॉरंटी संपली. पेट्रोल गाडी आहे, साडेचार वर्षं जुनी, ४३,००० किलोमीटर झालेली. आजवरचं प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच केलं. वॉरंटी जाईल या भीतीनं दुसरा विचारच मनात आला नाही.

मागच्या वेळी मात्र मन खट्टू झालं. गाडी देऊन तासभरही झाला नव्हता, तोच सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, ब्रेक ऑइल, अलाइनमेंट. "करून घ्या मॅडम, गाडीला चांगलं असतं." मी मीटिंगच्या दारात उभी होते, हो म्हणून टाकलं. रात्री गाडीसोबत आलेलं पुस्तक पहिल्यांदाच नीट वाचलं. त्या सहा कामांपैकी एकटं ब्रेक ऑइल त्या टप्प्यावर बदलायला सांगितलं होतं. पैसे गेले ते गेलेच, पण यातलं कोणतं काम खरंच हवं होतं हे मला सांगता येत नव्हतं, याचं जास्त वाईट वाटलं.

आता तीन वाटा दिसतात. आहे तिथेच जात राहायचं. किंवा ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीचं गॅरेज आहे, दोन गाड्या मावतील एवढंच. मालकाचा हात चांगला आहे म्हणतात, पण मागितल्याशिवाय बिल देत नाही. आणि तिसरं, स्वतः शिकायचं. वायपर मी बदललेत, पंक्चर झालेलं चाक एकटीनं बदललंय. हातानं काम करायला आवडतं. पण गाडीखाली शिरायची भीती वाटते, हे खरं सांगते. तुम्ही कसं ठरवलंत?

जॉबकार्ड

मी नऊ वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, आता ते काम सोडलंय. म्हणून आतली बाजू सांगतो.

तुम्हाला फोन करणाऱ्याचं महिन्याचं काम बहुतेक ठिकाणी जॉब कार्डामागे (गाडीची कामं लिहायचा कागद) किती बिल झालं यावरून मोजतात. फ्लश, क्लीनिंग, निर्जंतुकीकरण ही कामं त्यासाठीच यादीत असतात. तो माणूस वाईट असतो असं नाही, मीही हेच फोन केलेत आणि त्यातले काही आज आठवले की त्रास होतो. पुढच्या वेळी एवढंच विचारा: "हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे? आणि नसेल, तर माझ्या गाडीत असं काय दिसलं म्हणून सुचवताय?" दिसलं असेल तर तो फोटो पाठवेल. नको असलेलं काम जॉब कार्डावर 'ग्राहकाने नाकारले' असं लिहून घ्या.

दुसरं म्हणजे वेळ. प्रत्येक कामाला ठरावीक मिनिटं लावून दिलेली असतात आणि मेकॅनिकची मोजणीही त्यावरच होते. त्यामुळे घाई असते. तपासणीच्या यादीवर पटापट टिका पडतात, त्यातल्या कितीएक गोष्टींना हात लागलेला नसतो.

तरी सर्व्हिस सेंटरशी नातं पूर्ण तोडू नका. रिकॉलचं काम, म्हणजे कंपनीनं स्वतः मान्य केलेला दोष दुरुस्त करणं, तिथे फुकट होतं, मग गाडीचं सर्व्हिसिंग कुठेही होत असो. चॅसी नंबर सांगितला की गाडीवर रिकॉल बाकी आहे का ते कळतं. कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर, नव्या चाव्यांचं कोडिंग, आणि एखाद्या मॉडेलच्या ठरलेल्या दुखण्यावर कंपनीनं काढलेली तांत्रिक पत्रकं, हेही त्यांच्याकडे आधी येतं.

ज्यांची वॉरंटी अजून चालू आहे त्यांच्यासाठी एक ओळ: बाहेर सर्व्हिसिंग केलं की वॉरंटी आपोआप जाते, असं सगळीकडे नसतं. अमेरिकेत १९७५ सालच्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, फुकट पुरवत नसेल तर कंपनीला ठरावीक ब्रँडच्या पार्टची किंवा सेवेची सक्ती वॉरंटीच्या अटीत घालता येत नाही. पण ठरल्या वेळी, ठरल्या दर्जाचं ऑइल घालून काम झालं याचा पुरावा लागला तर तो तुमच्याकडे हवा. बिल न देणाऱ्या गॅरेजची अडचण इथे येते.

रिंगपाना

मी बारा वर्षं माझ्या गाडीचं ऑइल स्वतः बदलतोय, तरी 'सगळं घरीच करा' असं मी सांगणार नाही. तिघांपैकी एकाला कायमची गाडी सोपवायची, असा हा प्रश्नच मला वाटत नाही. प्रत्येक कामाचं वेगळं ठरवावं लागतं. मी स्वतःला दोन गोष्टी विचारतो. हे काम चुकलं तर मला कळेल का? आणि कळेल तेव्हा गाडी दारात उभी असेल, की ऐंशीच्या वेगात?

केबिन फिल्टर घ्या. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्यावर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो, तो पाहून बसवायचा. अगदीच चुकलं तर हवा कमी येईल. इंजिनचा एअर फिल्टरही सोपा. कडेचं रबर नीट बसलं नाही तर धूळ थेट आत जाते, म्हणून झाकणाच्या सगळ्या क्लिपा लागल्यात का तेवढं बोट फिरवून पाहायचं. वायपर, बल्ब, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करणं, ही तुमचीच कामं समजा.

इंजिन ऑइल या दोन प्रश्नांच्या मधोमध येतं, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. दुसऱ्याच वर्षी माझ्याकडून चूक झाली. जुना फिल्टर फिरवून काढला, पण त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली. मी पाहिलं नाही आणि नवा चढवला. रिंगेवर रिंग. इंजिन चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात खाली काळा ओघळ आला. मी वाकून बघतच होतो म्हणून लगेच बंद केलं. तसाच रस्त्याला लागलो असतो, तर ऑइल प्रेशरचा लाल दिवा पेटेपर्यंत बेअरिंगं कोरडी पडायला लागली असती. तेव्हापासून जुना फिल्टर उलटा करून रिंग त्याच्यासोबत आली का ते आधी बघतो, मगच नव्याला हात लावतो. नव्याच्या रिंगेला बोटानं ताजं ऑइल लावायचं, रिंग टेकेपर्यंत हातानं फिरवायचा आणि मग साधारण पाऊण वेढा. पाना लागतो तो काढताना, बसवताना नाही. हे बाहेरून फिरवून बसवायच्या डब्यासारख्या फिल्टरचं. नुसती कागदी जाळी बदलायची असेल तर तिच्या टोपणाचा टॉर्क, म्हणजे किती जोरानं आवळायचं तो आकडा, पुस्तकात असतो.

आता नटाचं. चेंबरचा (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) ड्रेन नट, म्हणजे ऑइल काढायचा नट, बऱ्याच छोट्या गाड्यांत २५ ते ४० न्यूटन-मीटरवर आवळतात; नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. बऱ्याच गाड्यांत चेंबर ॲल्युमिनियमचं आणि नट पोलादी असतो, त्यामुळे जास्त जोर दिला की आटे चेंबरचे जातात. माझ्या आधीच्या गाडीचे आटे एका सर्व्हिस सेंटरात गेले. तिथे नट हवेच्या गनने आवळला होता. पुढच्या वेळी मी तो सोडला, तर त्याच्यासोबत ॲल्युमिनियमची चकचकीत तार बाहेर आली. चेंबरच बदलावं लागलं, आणि कोणीही जबाबदारी घेतली नाही. अजूनही ते मनातून जात नाही. काम करणाऱ्याच्या अंगात गणवेश आहे की नाही याकडे मी तेव्हापासून बघत नाही, त्याच्या हातात टॉर्क रेंच (ठरल्या जोरानंच आवळायचा पाना) आहे का ते बघतो. त्या नटाचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा. तो चेपला जाऊनच गळती थांबवतो, जुना पुन्हा तेवढा चेपत नाही.

गाडीखाली शिरायची भीती वाटते म्हणालात. ती भीती राहू द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं तर सोडाच, हातही घालायचा नाही. जॅक फक्त उचलायला असतो, गाडी तोलायला स्टँड लागतात, तेही सपाट आणि कडक जमिनीवर, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावून. तशी जागा नसेल तर ऑइलचं काम गॅरेजात करून घ्या, त्यात काही उणं नाही. आणि काढलेलं ऑइल गटारात जाता कामा नये. ते डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या. हातमोजे घाला, वापरलेलं ऑइल वारंवार कातडीला लागणं घातक असतं.

ब्रेकला मी एकट्यानं हात लावत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात चारेक टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ च्या आसपास येते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. नुसता रंग बघून यातलं काही कळत नाही, म्हणूनच अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. तुमच्या यादीतलं ते काम योग्यच होतं.

एक तपासणी मात्र घरी जरूर करा. ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी हळूहळू उतरत असेल तर लगेच वरून भरू नका. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे सरकतात, त्यामुळे पातळी थोडी उतरते; म्हणजे ती पॅडची बातमी असते. एकदम उतरली तर गळती समजा आणि गाडी चालवू नका.

टायमिंग बेल्ट, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबली आणि एसीचा गॅस यांच्या वाट्याला जाऊ नका.

दोनलाखपार

माझी गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे आणि गेली सात वर्षं एकाच छोट्या गॅरेजात जाते. तिथलं मला सगळ्यांत जास्त आवडतं ते हे की, गाडीवर हात चालवणाऱ्याशीच मी बोलते. आवाज कुठून येतो ते सांगायला तो शेजारी बसून चक्कर मारतो. मागच्या पावसाळ्यात पुढच्या डाव्या बाजूला खड्ड्यात खटखट यायची. दुसरीकडे मला अख्खा शॉकअब्सॉर्बर बदलायला सांगितलं होतं. यानं गाडी उचलून पहारीनं हलवून दाखवली, स्टॅबिलायझरची छोटी लिंक सैल होती.

पण चांगला हात आणि चांगलं गॅरेज एकच नसतं. पहिल्या खेपेला मोठं काम देऊ नका. ऑइल बदलायला द्या आणि उभ्या राहा. डबा तुमच्यासमोर सील फोडून उघडतो का? त्यावर तुमच्या पुस्तकातला दर्जा लिहिलाय का? नुसतं ५डब्ल्यू-३० (ऑइलच्या जाडीचा आकडा) जुळणं पुरेसं नाही, त्याखाली एपीआय किंवा एसीईए या संस्थांचा दर्जाही जुळला पाहिजे. काढलेले पार्ट परत मागा. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर तो स्कॅनर लावून कोड लिहून देतो का, की आधी पुसून टाकतो, हेही बघा. कोड म्हणजे निदान नाही. पी०४२० हा कोड आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) गेलाच म्हणून सांगणारे खूप. सायलेन्सरच्या पाइपातली गळती किंवा खराब सेन्सरही तोच कोड देऊ शकतो.

बिलाचं मी असं केलं: पहिल्याच दिवशी सांगितलं, किलोमीटर, तारीख आणि पार्ट नंबर लिहून द्याल तरच काम देईन. तो कुरकुरला नाही. आता न मागता देतो.

सकाळचीफेरी

तिघांचे मनापासून आभार. रविवारी ग्लव्ह बॉक्स उघडून केबिन फिल्टर काढला. बिलात 'बदलला' असं लिहिलं होतं, मला संशय होता. फिल्टर खरंच जवळजवळ नवा निघाला, बाणही बरोबर. त्या मेकॅनिकबद्दल उगाच वाईट वाटून घेतलं होतं. चॅसी नंबर सांगून विचारलं, रिकॉल काही बाकी नाही.

मैत्रिणीच्या गॅरेजवाल्याशी बोलले. पुढचं ऑइल तिथेच, मी शेजारी उभी राहणार, वॉशर आणि फिल्टर मी घेऊन जाणार. टॉर्क रेंच आहे का विचारलं, तर त्यानं पेटीतून काढून दाखवला. ब्रेक ऑइलची नोंद दोन वर्षांनंतरच्या तारखेला लावली आहे.

एकच शंका. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) इंजिन ऑइलची पातळी शनिवारी खालच्या खुणेजवळ दिसली आणि रविवारी जवळजवळ वरच्या. मधे ऑइल घातलेलं नाही. गाडी ऑइल खातेय का?

रिंगपाना

ऑइल खात असती तर पातळी वर आली नसती. शनिवारी गाडी बहुधा उतारावर असेल, किंवा इंजिन बंद करून लगेच बघितलं असेल. तेव्हा बरंचसं ऑइल वरच अडकलेलं असतं. सपाट जागी उभी करा, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, मग काढून वाचा. दोन खुणांच्या मधे असेल तर ठीक आहे. वरच्या खुणेच्या पुढे कधी भरू नका, क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरता दांडा) त्यात घुसळून फेस करतो. हेच दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, किलोमीटरसह वहीत लिहा. चार नोंदी झाल्या की इथे टाका, मी बघतो.