काचा काढा म्हणे! (मुलं, संग्रहालय आणि खऱ्या वस्तू)

बिडाचा_दिवा:
काल इथे एकाने लिहिलं, ‘स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयांनी काचा काढून मुलांना खऱ्या वस्तू हाताळू द्याव्यात, नाहीतर इतिहास कळतच नाही.’ उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

घामात क्षार असतात. चकचकीत पितळेवर बोट टेकलं की काही दिवसांत ठसा धातूत कोरला जातो, मग घासून काढा, म्हणजे वरचा थरही गेलाच. कागद-कापडाला उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. तीच वस्तू वर्गातल्या 500 लक्सच्या टेबलावर तासभर ठेवली, तर दालनातल्या दहा तासांचा उजेड तिने खाल्ला. उडालेला रंग परत येत नाही. प्रतिकृती द्या आणि विषय संपवा.

कडी_कोयंडा:
काचेतली वस्तू मागतंय कोण? हाताळणी संच वेगळा असतो हो. दुबार आलेल्या, कुठून आल्या त्याची नोंद नसलेल्या, दणकट वस्तू: कुलूप, वजनं, कोळशाची इस्त्री. नोंदवहीत त्यांची यादी वेगळी, आणि त्या झिजणार हे आधीच मान्य केलेलं. चाळीस मुलं असतील तर दहा-दहाचे चार गट, गटाला एक टेबल, वर फोम आणि सुती कापड. वस्तू टेबलापासून वीतभरच उचलायची, दोन्ही हातांनी, मूठ किंवा कान धरून कधीच नाही, कारण जोड तिथेच निखळतो. आणि ‘हे काय आहे?’ विचारू नका, एकाने नाव सांगितलं की बाकीचे गप्प. ‘कुठे झिजलंय? तिथेच का?’ असं विचारा.

तुमच्या प्रतिकृतीबद्दल: ती बहुधा रेझिनची, म्हणजे प्लास्टिकसारख्या राळेची. तिची घनता पाण्याच्या 1.2 पट, लोखंडाची 7.8 पट. सहापट हलकी इस्त्री उचलून मुलाला काय कळणार, डोंबल?

पान_उलटा:
संच वगैरे ठीक, पण ते पांढरे सुती हातमोजे आधी बंद करा! फोटोत छान दिसतात म्हणून सगळीकडे वाटतात. जुन्या कागदाच्या चिरलेल्या कडेत सुताचा धागा अडकतो, बोटांना अंदाज राहत नाही, पान फाटतं. कागदाला साबणाने धुतलेले, पूर्ण कोरडे हात. बस.

बिडाचा_दिवा:
म्हणजे धातूही उघड्या हातांनी? वा.

पान_उलटा:
‘कागदाला’ लिहिलंय. वाचायचे कष्ट घ्या. धातूला आणि फोटोंना नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे. लेटेक्स (नैसर्गिक रबर) नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते.

कडी_कोयंडा:
मुलांच्या मापाचे नायट्राइल मिळाले तर! मोठ्यांचे मोजे बोटांच्या टोकाला लोंबतात, पकड सुटते, आणि इस्त्री थेट पायावर. संचातल्या धातूला आधीच संवर्धनाचं मेण चोपडा, मुलांचे हात धुवा, सत्र संपलं की कोरड्या मऊ कापडाने पुसून ठेवा.

पान_उलटा:
आणि हात धुण्याऐवजी सॅनिटायझर फासू देऊ नका. काही जेल हातावर चिकट थर सोडतात, तो वस्तूवर उतरतो. क्रीमही नको. पेनं दाराबाहेर, आत फक्त पेन्सिल. हे शिक्षकांना आदल्या आठवड्यात कळवावं लागतं, दारात सांगून उपयोग नाही.

बिडाचा_दिवा:
धागा माझा, चर्चा मोज्यांची. चालू द्या. प्रतिकृती हलकी असते हे मान्य, तर मग बिडाचीच ओता! साचा मूळ वस्तूवरून काढू नका म्हणजे झालं, साच्याचं सिलिकोन सच्छिद्र पृष्ठभागावर तेलकट डाग सोडतं. मापं घेऊन लाकडी नमुना बनवा.

कडी_कोयंडा:
आणि झीज? ती कोण ओतणार? नव्या ओतकामावर मूठ कुठे गुळगुळीत झालीय ते दिसत नाही, आणि माझा अख्खा प्रश्न तिथेच आहे.

बिडाचा_दिवा:
बरं बाबा, झिजलेली इस्त्री घ्या तुमच्या संचात. कागद आणि कापड मात्र प्रतच. आणि दर सत्राआधी-नंतर वस्तू मोजा, फोटोशी ताडून पाहा. कुलपाची किल्ली पहिल्याच महिन्यात गायब होते.

कडी_कोयंडा:
किल्ली साखळीने बांधतात, साहेब.