सिमोन सिन्योरे: एका ऑस्करपलीकडे आंतरराष्ट्रीय कारकीर्द होती का?

प्राची: सिन्योरे ही मोठी फ्रेंच अभिनेत्री, याबद्दल वाद नाही. पण तिच्या ‘आंतरराष्ट्रीय कारकिर्दी’चं कौतुक मला पटत नाही. ‘रूम अ‍ॅट द टॉप’ या ब्रिटिश चित्रपटासाठी १९६० साली ऑस्कर मिळालं. पुढे काय? ‘शिप ऑफ फूल्स’मधली काउंटेस, अमेरिकन दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचे दोन चित्रपट, बाकी किरकोळ. १९६६ साली लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात ब्रिटिश नट अ‍ॅलेक गिनेससोबत लेडी मॅकबेथ केली, तर समीक्षकांनी झोडपून काढलं. त्यापेक्षा दुसरी फ्रेंच अभिनेत्री जान मोरो बघा. वेल्स, बुन्युएल, अँतोनियोनी अशा परदेशी दिग्दर्शकांकडे तिने काम केलं!

सुहास: साफ चूक. अमेरिकेचं दार तिच्यासाठी बंद होतं हे तुम्ही सोडूनच दिलंत. १९५० मध्ये तिने अण्वस्त्रांविरुद्धच्या स्टॉकहोम आवाहनावर सही केली. तिची आणि नवरा इव्ह मोंताँची डावी मतं जगजाहीर, त्यामुळे व्हिसा मिळेना. १९५९ मध्ये मोंताँचा कार्यक्रम ब्रॉडवेवर लागला तेव्हा कुठे जाता आलं, आणि तोवर ती ३८ वर्षांची झाली होती. त्या वयात तिने एलिझाबेथ टेलर आणि कॅथरिन व ऑड्री या दोन्ही हेपबर्न यांना मागे टाकून ऑस्कर घेतलं, तेही हॉलिवूडमध्ये एकही चित्रपट न करता.

आणि काम बघा हो! ‘रूम अ‍ॅट द टॉप’मध्ये तिने केलेल्या अ‍ॅलिसचा अपघाती मृत्यू पडद्यावर दिसतच नाही. तिचा प्रियकर जो याला तो कचेरीतल्या लोकांच्या बोलण्यातून कळतो. तरी पोटात गोळा येतो, कारण तिचा थकलेला, प्रेमाने उजळलेला चेहरा तोवर आपल्या मनात घर करून बसलेला असतो.

प्राची: व्हिसाचं मान्य. पण १९६० नंतर तर दार उघडं होतं ना?

मकरंद: उघडं होतं, पण चांगल्या भूमिका फ्रान्समध्येच होत्या. ‘आर्मी ऑफ शॅडोज’ या फ्रेंच चित्रपटातली तिची मातिल्द आठवा. नाझींविरुद्ध लढणारी ही धीराची बाई मुलीचा फोटो जवळ ठेवू नको असं बजावूनही ठेवते, आणि तोच फोटो तिचा घात करतो. अशी भूमिका हॉलिवूडने तिला कधी दिली? पुढे १९७७ चा ‘मादाम रोझा’. त्याला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ती गेली नाही, तिचं काम जगभर गेलं. माझ्या लेखी हीच आंतरराष्ट्रीय कारकीर्द.

प्राची: नाही, मकरंद. चित्रपट जगभर पोचणं वेगळं आणि परक्या भाषेत, परक्या दिग्दर्शकांकडे वर्षानुवर्षं उभं राहून काम करणं वेगळं. मोरोने ते केलं. मातिल्दपुढे मीही हात जोडते, पण ती फ्रेंच सिनेमाची कमाई आहे.