मदत हवी आहे: ११ मिनिटांच्या विनोदी कार्टून मालिकेचा चित्रपट करतोय, मधला भाग उभाच राहत नाही

नमस्कार मंडळी,

पटकथा, स्टोरीबोर्ड (म्हणजे प्रसंग चित्रांच्या चौकटींत मांडणं), संकलन यात काम केलेल्यांची मदत हवी आहेच, पण नुसती भरपूर कार्टून पाहिलेल्यांचीही हवी आहे. थोडं लांबण लावतेय, सांभाळून घ्या.

पुण्यात आम्ही सहा जण मिळून एक अ‍ॅनिमेटेड विनोदी मालिका करतो. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे अण्णा, त्यांचा पुतण्या बंड्या आणि दुकानात शिरून ट्यूब चघळणारी शेळी. अण्णा एखादी शक्कल लढवतात, ती अंगाशी येते, शेवटी दुकानासमोरच्या बाकावर चहा. पुढच्या भागात मागचं काही घडलेलंच नसतं. असे २६ भाग झाले. आता निर्मात्यांना ८५ मिनिटांचा चित्रपट हवाय आणि पटकथा माझ्याकडे आहे.

पहिल्या खर्ड्यात मी तीन भागांना पुरतील अशा तीन शकला एकात गुंफल्या. त्याचा अ‍ॅनिमॅटिक केला, म्हणजे पेन्सिलीची करडी चित्रं आणि त्यावर आमचेच कच्चे आवाज. घरच्यांना बोलावून दाखवला. २३व्या मिनिटाला अण्णांची उधारी वसूल झाली, बाकावर चहा आला, आणि माझ्या मावशीने पिशवी उचलत विचारलं, ‘झालं ना गं?’ अजून तासभर बाकी होता! ती पोट धरून हसली होती, त्यामुळे कंटाळली असं म्हणता येत नाही. तिच्या लेखी गोष्ट संपली होती.

दुसऱ्या खर्ड्यात मोठं संकट आणलं. गावावर डोळा असलेला बिल्डर, मोर्चा, अण्णांचं भाषण. वाचन झालं तेव्हा कोणी हसलं नाही. बंड्याला आवाज देणारा मुलगा हळूच म्हणाला, ‘ताई, हे अण्णा नाहीत.’ तो खर्डा मी त्याच दिवशी बाजूला ठेवला.

मग ज्यांनी हे केलंय त्यांची कामं कागद-पेन घेऊन पाहिली. एका अमेरिकन कुटुंबाची ‘द सिम्पसन्स’ ही कार्टून मालिका १९८९ची, चित्रपट थेट २००७चा. त्याआधी १९९२मध्ये मुलांच्या उन्हाळी शिबिराच्या एका भागाचा चित्रपट करावा असं घाटत होतं, पण तो भागच वेळेला कमी पडत होता, गाणं लांबवून कसाबसा पुरा केला. हे कळल्यावर मला फार धीर आला. २००७च्या चित्रपटाला ११ पटकथाकारांची नावं आहेत आणि लांबी ८७ मिनिटं. सुरुवातीलाच होमर, म्हणजे त्या घरातला बाप, चित्रपटगृहात उठून ओरडतो की घरी फुकट दिसतं त्याला आपण पैसे का मोजतोय. प्रेक्षकाच्या मनातली शंका त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच बोलून टाकली आहे.

त्यातला एक प्रसंग मी दहा वेळा पाहिला असेन. होमरची बायको मार्ज घर सोडून जाते आणि होमरसाठी व्हिडिओ टेपवर निरोप ठेवते. तो तिने त्यांच्या लग्नाच्या टेपवर रेकॉर्ड केलेला असतो. निरोप संपतो आणि खालचं लग्नातलं नृत्य दिसायला लागतं. मार्जला आवाज देणाऱ्या ज्युली कॅव्हनर यांच्याकडून या निरोपाचे शंभरावर टेक घेतले होते म्हणे. पिवळ्या चेहऱ्यांच्या, चार बोटांच्या माणसांचा चित्रपट आणि माझ्या घशात आवंढा. मालिकेत रोज भांडून रोज गोड होणारं हे जोडपं, इथे मात्र ते खरंच तुटेल असं वाटतं.

याच्या अगदी उलट ‘बीव्हिस अँड बटहेड’ या दोन टवाळ पोरांच्या मालिकेचा १९९६चा चित्रपट. दोघांचा टीव्ही चोरीला जातो आणि तो शोधायला ते घराबाहेर पडतात. ८१ मिनिटांत अमेरिका पालथी घालतात, स्वतः मात्र तसूभर बदलत नाहीत. आणि बर्गरचं दुकान चालवणाऱ्या कुटुंबाच्या ‘बॉब्स बर्गर्स’ मालिकेवरच्या २०२२च्या चित्रपटात बँकेचं कर्ज फेडायला सात दिवस, त्यात दुकानाच्या दारातच रस्ता खचून भलं मोठं भगदाड. गिऱ्हाईक आत येणार कुठून?

तर माझे प्रश्न. अण्णा बदलायला हवेत का? निर्माते म्हणतात हवेत, आमची टीम म्हणते मुळीच नको. शेवटी सगळं पूर्ववत करायचं की काहीतरी कायमचं मोडलेलं ठेवायचं? आणि २३व्या मिनिटाला ‘झालं ना गं’ येऊ नये म्हणून नेमकं काय करतात? दिवाळीपर्यंत तिसरा खर्डा द्यायचाय.

– पेन्सिलवाली


प्रतिसाद: कागदीबाण

मी बरीच वर्षं स्टोरीबोर्ड करतोय. तुमच्या मावशी बरोबर आहेत. बाक आणि चहा ही तुमच्या मालिकेतली ‘समाप्त’ची पाटी आहे. २६ वेळा तुम्हीच शिकवलंत की चहा आला म्हणजे उठायचं. तेव्हा चित्रपटात बाक शेवटपर्यंत मिळूच देऊ नका. पहिल्या दहा मिनिटांत तो जाऊ दे. बीव्हिस-बटहेडचा टीव्ही गेला तसा. बिल्डर लागत नाही, माणसाची रोजची जागा गेली तरी पुरे.

दुसरं, एका कार्डावर एक प्रसंग असं मांडा आणि प्रत्येक कार्डामागे एकच ओळ लिहा: ‘हे झालं म्हणून पुढे काय झालं?’ उत्तर ‘आणि मग’ने सुरू होत असेल तर तिथे दोन भाग नुसते चिकटवलेत असं समजा. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ यायला हवं.

पडद्याचाही विचार करा. सिम्पसन्सची मालिका तेव्हा जवळजवळ चौकोनी चित्रात असायची, चित्रपट मात्र २.३९ः१ अशा लांबट पडद्यासाठी रचला. अख्खं गाव मशाली घेऊन घरावर चालून येतं तो प्रसंग त्या लांबीतच शोभतो. तुमचं दुकान दहा फुटांचं. उरलेल्या पडद्यावर काय असेल?


प्रतिसाद: ढोलकीची_थाप

आमच्या घरात तमाशा होता, म्हणून त्या अंगाने सांगते. गण, गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. बतावणी म्हणजे सवाल-जवाबाचा, कोट्यांचा छोटा खेळ, तुमच्या ११ मिनिटांसारखा. वगात पूर्ण कथा. पण दोन्हीकडे सोंगाड्या एकच! वगात आला म्हणून तो शहाणा होत नाही. तो आपल्या वाकड्या बोलण्यानेच चालत राहतो, आणि त्याच्यामुळे राजाचं, प्रधानाचं, सावकाराचं पितळ उघडं पडतं. बदल त्यांच्यात होतो.

अण्णांना तसंच राहू दे. बदलायचंच तर बंड्या बदलू दे. काकाच्या शकलांवर हसणारा पोरगा एकदाच हसायचा थांबला, तर तुमच्या त्या टेपच्या प्रसंगाइतकंच पोटात तुटेल.


पेन्सिलवाली (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री भिंतीवरची सगळी कार्डं उतरवली. ६४ कार्डांपैकी ३१च्या मागे ‘आणि मग’ निघालं. ती खोक्यात गेली.

आता बाक सातव्या मिनिटाला जातो. रस्ता रुंदीकरणात नगरपालिकेची गाडी तो उचलून नेते, कोणाची दुष्टाई नाही. अण्णांना बाक परत हवाय, बस एवढंच. त्यासाठीच्या शकलांनी आधी दुकानाचं शटर जातं, मग पक्के गिऱ्हाईक, मग बंड्याचा विश्वास. बंड्या ज्या प्रसंगात हसायचा थांबतो, तो ५८व्या मिनिटाला बसवलाय. तिथे संवाद ठेवलेला नाही. तो फक्त पंक्चर काढायच्या पाण्याच्या घमेल्याकडे बघत राहतो, ट्यूबमधून बुडबुडे येतात आणि थांबतात. अण्णा मागून बडबडतच असतात.

हा प्रसंग ४० सेकंदांचा आहे. संकलक म्हणतो २० पुरेत, नाहीतर लहान मुलं चुळबुळ करतील. मला ४० हवेत. ज्यांनी मुलांसोबत चित्रपटगृहात अशा शांत जागा अनुभवल्यात त्यांनी कृपया सांगा, मुलं तिथे काय करतात? शनिवारी पुन्हा अ‍ॅनिमॅटिक दाखवतोय. मावशीलाही बोलावलंय.