प्रतिसाद : इंग्रजीचा पहिला तास

पहिलीच्या मुलांकडून पहिल्याच तासाला ए ते झेड ही सगळी अक्षरे गिरवून घ्यावीत, ही सूचना मला पटत नाही. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही अक्षरओळख म्हणजेच भाषेची सुरुवात, हा समज गेलेला नाही, याचे वाईट वाटते.

पुण्यातील सहा वर्षांचे मूल बस, पेन, बॉल, टेबल, सायकल हे शब्द घरीदारी वापरतच असते, म्हणून पहिला तास या ओळखीच्या शब्दांपासून सुरू करावा आणि ‘तुम्हाला इंग्रजी येतेच’ हा विश्वास मुलांना आधी द्यावा. त्यानंतर ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’, ‘टच युवर नोज’ अशा चार-पाच सूचना शिक्षकाने स्वतः कृती करत द्याव्यात. मुलांनी बोललेच पाहिजे, असा आग्रह त्या दिवशी धरू नये. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या पद्धतीचे सूत्र हेच आहे : आधी ऐकणे आणि हालचाल, बोलणे सवडीने.

अक्षरांची घाई नको, याला आणखी एक कारण आहे. मराठीत ‘क’ हे अक्षर ‘क’च वाचले जाते, पण इंग्रजीतील ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये ‘क’ होते आणि ‘सिटी’मध्ये ‘स’. नुकतेच मुळाक्षरांत रुळलेले मूल इथे गोंधळते, आणि तो दोष त्याचा नसतो.

तास वीस मिनिटांचाच ठेवावा. सूचना कळली नाही, तर मराठीत खुशाल सांगावी.