मफलरसाठी लोकर किती आणि टाके किती? (पुठ्ठा झालाय!)

सायली_कोथरूड
भाचा जानेवारीत शिकागोला चाललाय, त्याच्यासाठी मफलर घेतलाय विणायला. नमुना अमेरिकन साइटवरचा: ८ नंबरच्या सुया, १० सेंमीत १८ टाके, एकूण ४० टाके, सगळ्या ओळी सुलट. तुळशीबागेतून ८ नंबरच्या सुया आणि ५० ग्रॅमचे तीन गुंडे आणले. बोटभर विणून बघते तर रुंदी २२ ऐवजी जेमतेम १८ सेंमी, आणि असं कडक की मफलर कमी, पायपुसणं जास्त. माझा हात घट्ट आहे का? आणि १५० ग्रॅम पुरेल?

मंदार७८
हात सैल सोडा म्हणजे झालं.

लोकरवाली_काकू
मंदार, हाताला कशाला दोष? सुयाच वेगळ्या आहेत. अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी. आपल्याकडे जुनी इंग्रजी मापं चालतात, त्यात ८ म्हणजे ४ मिमी. शिवाय आपला नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांचा वाढला की जाड. तुला आपल्या ६ नंबरच्या हव्यात. दुकानात सरळ ‘५ मिमी’ माग.

आता उसव, आणि लगेच ४० टाके घालू नकोस. २४ टाक्यांचा चौकोन विण, धू, सपाट वाळव, मग मधल्या १० सेंमीतले टाके मोज. कडेचे टाके ओढलेले असतात, ते धरायचे नाहीत. अर्धा टाका आला तर तोही मोजायचा. ह्या चौकोनाचा आळस केलास तर पूर्ण मफलरच्या रुंदीला दोन-तीन सेंमीचा फटका बसतो.

लोकरीचा हिशोब वाटीने तांदूळ मोजावा तसा. स्वयंपाकाच्या काट्यावर गुंडा ठेव, ठरलेल्या रुंदीत विणायला लाग, वजन २५ ग्रॅमने उतरलं की किती लांबी झाली ते बघ. पुढचं त्रैराशिक शाळेतलंच. गोंड्यांची लोकर आधीच कापून बाजूला ठेव, शेवटी हमखास कमी पडते.

आणि लेबलवरचा लॉट नंबर (एका खेपेत रंगवलेल्या लोकरीचा एकच असतो) बघून सगळे गुंडे एकदमच घे. ह्यांच्या राखाडी मफलरला मी चौथा गुंडा महिन्याने आणला होता. दुकानात तोच रंग वाटला, उन्हात नेल्यावर मधोमध पट्टा. ते अजून म्हणतात, ‘हा तुझा सीमावाद.’

सायली_कोथरूड
काकू, आणल्या ५ मिमीच्या! धुतल्यावर १० सेंमीत १७ टाके. २२ सेंमीला ३७.४ येतात, म्हणून ३८ घातले. २५ ग्रॅममध्ये बरोबर २० सेंमी झालं. १७० सेंमीला २१२ ग्रॅम, वर गोंडे. म्हणजे पाच गुंडे. पण दुकानात त्या लॉटचा एकच उरला होता, पाचवा दुसऱ्या लॉटचा घ्यावा लागला. आता?

लोकरवाली_काकू
गोंडे पाचव्याचे कर. गोंड्यात फरक दिसला तरी मुद्दाम केल्यासारखा वाटतो. एका लॉटचे २०० ग्रॅम आहेत ना? १५५ सेंमीवर थांब, १९४ ग्रॅम लागतील. उरलेल्यात टाके बंद करणं आणि टोकं आत ओवणं बसेल. भाचा किती उंच आहे?

सायली_कोथरूड
पाच फूट अकरा. दोनदा गुंडाळायचा म्हणतोय.

लोकरवाली_काकू
मग १५५ तोकडा पडेल. मापाने मफलर साधारण त्याच्या उंचीइतका हवा, १७०-१८० चांगला. असं कर, पहिल्या ओळीपासूनच दोन ओळी जुन्या लॉटच्या, दोन नव्या. धागा कापू नकोस, कडेने वर नेत जा. नवा गुंडा संपला की पुढे जुनाच. मिसळून गेल्यावर फरक शोधावा लागतो. आत्तापर्यंत किती विणलंयस? ते उसवावं लागेल.

सायली_कोथरूड
२० सेंमी. 😑 उसवते.