मुंबई–न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना चौदा! तुमचे अनुभव लिहा

परवाच न्यूयॉर्कहून थेट विमानाने परतले. जाताना १६ तास, येताना १४ च्या आतबाहेर. दोन विमानतळांमधलं अंतर तेच, साधारण १२,५०० किलोमीटर. येताना समोरच्या पडद्यावर वेग १,०५० दिसत होता, जाताना आठशेच्या घरात. वर दहा-बारा किलोमीटरवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो, हा सगळा त्याचा प्रताप. तुमचे किलोमीटर, तास आणि त्यात काय घडलं ते लिहा. तिकिटांचे दर नकोत, त्यावरून भांडणं होतात.

पार्लेकर आजी: लेकीच्या बाळंतपणाला जूनमध्ये गेले. रात्री दीडला सहारहून निघाले आणि त्याच सकाळी आठला तिथे उतरले. शेजारणीला फोनवर सांगितलं तर म्हणते, "साडेसहा तासांत अमेरिका? आम्हाला मडगावला बारा लागतात!" हातातलं घड्याळ मी परत येईपर्यंत बदललंच नाही. साडेनऊ तास वजा करायचे की झालं. डिंकाच्या लाडवांचा डबा सोळा तास मांडीवर होता, वर ठेवू दिला नाही कुणाला.

इचलकरंजीकर: आमचा हिशोब घरापासून धरा. मुंबईपर्यंतचे चारशेच्या आसपास किलोमीटर, घाटातल्या कोंडीसकट दहा तास. पुढचे साडेबारा हजार सोळा तासांत. बसचं काय ते बोला!

गुरुवारवाला: दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ पासून पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर वाढून १५,३०० झालं, तरी वेळ दोनेक तासांनी कमी, कारण वारा पाठीशी. लांबचा रस्ता लवकर पोचवतो हे मला पटायलाच वेळ लागला. मी गेलो तो गुरुवार. पहाटे अडीचला निघालो, साडेचौदा तास उडालो आणि उतरलो गुरुवारीच पहाटे साडेचारला. उपवास होता. वार संपेचना. एकूण साडेछत्तीस तासांचा गुरुवार! बरोबर आणलेले राजगिऱ्याचे लाडू जपानच्या आसपासच संपले होते. बायको म्हणाली, भारतातला शुक्रवार धरा आणि जेवा. नाही जेवलो.

नाव नको: वडील गेल्याचा फोन आला त्या रात्री निघाले. येतानाचे चौदा तास. पडद्यावरचा नकाशा बंद करता येतो हे हवाईसुंदरीने दाखवलं. मी परत लावला.

भूगोलवाल्या बाई: नकाशावर विमानाची वाट वाकडी का, असं मुलं दरवर्षी विचारतात. पृथ्वीगोलावर मुंबईला टाचणी, न्यूयॉर्कला टाचणी, मध्ये शिवणाचा दोरा ताणून धरायचा. दोरा थेट आइसलंडवरून जातो! खरं विमान त्या दोऱ्यावरून जातंच असं नाही, कुणाची हवाई हद्द बंद असते, कधी वाराच नको तसा असतो. आमच्या शाळेतल्या गोलावर आइसलंडच्या जागी आता नुसतं भोक आहे.