‘बोर्ड’ हा एक शब्द आहे की चार?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)
नमस्कार. मी आठवी-नववीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. परवा एका मुलाने वहीत ‘बोर्ड’ या शब्दाचे अर्थ एकाखाली एक लिहून आणले होते: फळी, फळा, संचालक मंडळ, पैसे भरून मिळणारे जेवण, जहाजावर चढणे. खाली पेन्सिलीने विचारले होते, ‘बाई, यातला खरा कोणता?’ फळीचा फळा झाला एवढे मी सांगू शकले. परंतु फळीचा जेवणाशी आणि जहाजाशी काय संबंध, हे मला उलगडून सांगता आले नाही. मुलांकडून नुसते पाठ करून घेणे मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, रावपुरा)
ताई, मुलाचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर ‘फळी’ हेच आहे. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. टेकूंवर फळ्या आडव्या टाकल्या की जेवणाचे मेज तयार होई, म्हणून मेजालाही बोर्ड म्हणू लागले आणि पुढे तो शब्द मेजावर वाढलेल्या अन्नालाही लागू झाला. आपल्याकडे ‘पान’ या शब्दाचे हेच झाले आहे. पूर्वी केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर वाढत, म्हणून पान म्हणजे जेवण. आज स्टीलच्या ताटात वाढतानाही आपण ‘पाने घेतली आहेत, चला’ असेच म्हणतो. मुलांना आधी हे पान समजावून सांगा, मग बोर्ड समजायला वेळ लागणार नाही.

स्टेशनाजवळच्या ‘लॉजिंग-बोर्डिंग’ या पाट्या आपण जोडशब्दासारख्या वाचतो, पण त्यात लॉजिंग म्हणजे राहणे आणि बोर्डिंग म्हणजे जेवण. मराठीत मात्र ‘बोर्डिंग’ म्हणजे विद्यार्थ्यांचे वसतिगृह हा अर्थ रुळला. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ साली, कोल्हापुरात निघालेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे त्याचे ठळक उदाहरण.

कारभार पाहणारी माणसे मेजाभोवती बसत, म्हणून त्यांचाही बोर्ड झाला. दहावीचे ‘बोर्ड’ ते हेच.

उत्तर २ (अलकापुरी)
वरील उत्तराला पुरवणी म्हणून लिहितो. प्राचीन जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी ज्या कुळातली आहे त्या जुन्या भाषांत, फळी या अर्थाचा आणि कड किंवा बाजू या अर्थाचा असे दोन सारखे शब्द होते आणि ते फार लवकर एकमेकांत मिसळले, असे मानतात. जहाजाची बाजू ती बोर्ड. शत्रूच्या जहाजाच्या बाजूला भिडून त्यावर चढणे हा क्रियापदाचा जुना अर्थ, आणि विमानतळावरचा बोर्डिंग पास त्याच वाटेने आपल्या हातात आला आहे.

‘स्टारबोर्ड’ म्हणजे जहाजाची उजवी बाजू; या शब्दात तारा मुळीच नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. सुकाणूचे वल्हे जहाजाच्या उजव्या अंगाला असे, म्हणून ती ‘सुकाणूची बाजू’. डाव्या बाजूला लारबोर्ड म्हणत. वादळात ओरडून हुकूम देताना हे दोन शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली लारबोर्ड सोडून ‘पोर्ट’ हा शब्द ठरवून दिला.

उत्तर ३ (मांडवी)
‘कबर्ड’ विसरू नका. तो मूळचा कप मांडून ठेवण्याचा बोर्ड, म्हणजे उघडे मेज. दारे नंतर आली. आणि आपल्या ‘कपाटा’चा मूळ संस्कृत अर्थच दार! बद्रीनाथचे कपाट उघडले असे म्हणतात ते त्याच अर्थाने. एका भाषेत फळीवरून, दुसरीत दारावरून, दोन्ही शब्द एकाच वस्तूपाशी येऊन थांबले, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्या बडोद्यात तर गुजराती ‘पाटियुं’ मुलांच्या रोजच्या कानावर आहे. त्याचाही अर्थ फळी आणि दुकानाची पाटी असा दोन्ही होतो, आणि गावाच्या नावाची पाटी असलेल्या फाट्यालाही ‘पाटिया’ म्हणतात. सुरतेतला पालनपूर पाटिया मुलांनी ऐकलेला असेल.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. आज पाट मांडून त्यावर एक केळीचे पान ठेवले आणि तिथूनच सुरुवात केली. ‘बोर्डर’ आणि ‘बॉर्डर’ यांचे नाते आहे का, असे आता मुले विचारत आहेत.

उत्तर २ (अलकापुरी)
आहे. बॉर्डर हा शब्द त्याच ‘कड’ अर्थाच्या बोर्डवरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि बोर्डर म्हणजे मेजावर पैसे भरून जेवणारा. स्पेलिंगमध्ये फरक केवळ एका ‘ए’चा आहे, तो फळ्यावर रंगीत खडूने लिहून दाखवावा.